तंतुकणिका आपली प्रथिने कशी घडवते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिशास्त्राच्या तासाला दरवर्षी एक वाक्य वहीत उतरते: ‘तंतुकणिका स्वतःची प्रथिने स्वतः बनवते.’ वाक्य खोटे नाही. पण त्यातील ‘स्वतःची’ आणि ‘स्वतः’ हे दोन्ही शब्द तपासून घ्यावे लागतात, आणि लातूर-नांदेडकडच्या विद्यार्थ्यांनी व अधूनमधून त्यांच्या पालकांनीही मला विचारलेले बहुतेक प्रश्न या दोन शब्दांभोवतीच फिरत आले आहेत. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे अंगक. शालेय पुस्तकातला मराठी शब्दच येथे वापरला आहे. विवेचन प्राण्यांच्या, त्यातही मुख्यतः सस्तन प्राण्यांच्या पेशींपुरते आहे.

तंतुकणिकेत नेमकी किती प्रथिने घडतात?

तेरा. मानवी तंतुकणिकेतील डीएनए हा १६,५६९ बेसजोड्यांचा वर्तुळाकार रेणू असून त्यावर एकूण ३७ जनुके आहेत. त्यांपैकी २२ जनुके टी-आरएनएची (म्हणजे अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या रेणूंची), २ रायबोझोममधील (म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या यंत्रातील) आरएनएची आणि उरलेली १३ प्रथिनांची. हा संपूर्ण क्रम केंब्रिज येथे १९८१ साली वाचून पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी गाईच्या तंतुकणिकेतील डीएनएचा क्रमही प्रसिद्ध झाला. तो १६,३३८ बेसजोड्यांचा आहे. लांबी थोडी कमी असली तरी जनुके तीच ३७ आहेत. देवणीचा बैल, उस्मानाबादी शेळी आणि त्यांना चारा घालणारा माणूस यांच्यात या बाबतीत फरक नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. तंतुकणिकेत आढळणाऱ्या प्रथिनांचे प्रकार अकराशेच्या वर आहेत. म्हणजे आत घडणारी प्रथिने संख्येने शेकडा एकाच्या थोडी वर भरतात. बाकी सर्व प्रथिने केंद्रकातील जनुकांवरून, बाहेर पेशीद्रवातील रायबोझोमवर घडून मग आत आणली जातात.

मग या तेरा प्रथिनांना एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण ती सर्व ऊर्जानिर्मितीच्या यंत्रणेच्या गाभ्यात बसतात. संकुल म्हणजे एकत्र काम करणाऱ्या प्रथिनांचा गट. श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलात त्यांपैकी ७, तिसऱ्यात १, चौथ्यात म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेजमध्ये ३ आणि एटीपी हे पेशीचे इंधन घडवणाऱ्या संकुलात २ प्रथिने असतात. दुसरे संकुल मात्र पूर्णपणे केंद्रकाच्या जनुकांवर उभे आहे. नांगर ओढणाऱ्या बैलाच्या स्नायूत एटीपीचा पुरवठा चालू राहतो तो या गाभ्यामुळे. तेरांपैकी एक जरी प्रथिन नीट घडले नाही, तरी त्या संकुलातील बाहेरून आलेली डझनावारी प्रथिने जागच्या जागी निरुपयोगी ठरतात.

डीएनएवरून संदेश कसा उतरवला जातो?

केंद्रकात प्रत्येक जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे त्यावरून आरएनए उतरवणे, बहुधा स्वतंत्रपणे होते. तंतुकणिकेत तसे होत नाही. तेथे डीएनएच्या एका साखळीवरून जवळजवळ पूर्ण वर्तुळाएवढा लांब आरएनए एकदम उतरवला जातो, दुसऱ्या साखळीवरूनही तसाच, आणि मग त्याचे तुकडे पाडले जातात. हे तुकडे कोठे पाडायचे याची खूण म्हणजे टी-आरएनएची जनुके. प्रथिनांच्या जनुकांमध्ये ती अशी पेरलेली असतात की टी-आरएनए कापून बाजूला काढले की बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंचे संदेश आपोआप सुटे होतात. शेतांच्या मधल्या बांधांवरून हद्द कळावी, तसाच हा प्रकार आहे. दोन ठिकाणी मात्र असा बांध नाही. तेथे दोन-दोन प्रथिनांचा मजकूर एकाच संदेशवाहक आरएनएवर राहतो, त्यामुळे तेरा प्रथिनांसाठी संदेश अकराच असतात.

जागेची काटकसर येथे पराकोटीची आहे. संदेशाच्या सुरुवातीला केंद्रकाच्या संदेशाप्रमाणे टोपी नसते, मधे वगळायचे तुकडे नसतात, आणि तेरापैकी सात प्रथिनांच्या मजकुरात तर शेवटचा ‘थांबा’ हा संकेतही डीएनएत पूर्ण लिहिलेला नसतो. तेथे फक्त ‘यू’ किंवा ‘यूए’ एवढेच असते. नंतर शेपटीला जोडल्या जाणाऱ्या ‘ए’ अक्षरांमुळे ‘यूएए’ हा थांबण्याचा संकेत पुरा होतो. वर्गात हे सांगितले की पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही.

तंतुकणिकेतील रायबोझोम ७०एस की ५५एस?

‘एस’ हे रायबोझोम केंद्रोत्सारक यंत्रात किती वेगाने खाली बसतो ते सांगणारे एकक आहे, म्हणून भागांच्या आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. प्रवेशपरीक्षेच्या तयारीची बहुतेक पुस्तके ७०एस म्हणतात. परीक्षेत पर्याय तोच असेल तर विद्यार्थ्याने तोच निवडावा, एवढे व्यवहारज्ञान लातूरच्या कोणत्याही शिकवणीत मिळते. पण सस्तन प्राण्यांच्या तंतुकणिकेतील रायबोझोम प्रत्यक्षात ५५एस आहे आणि त्याचे लहान-मोठे भाग अनुक्रमे २८एस व ३९एस आहेत. ७०एस हा आकडा जीवाणूंचा. तंतुकणिकेचा पूर्वज जीवाणू होता, यावरून तो आकडा तसाच पुढे चालत आला असावा.

फरक केवळ आकड्याचा नाही. जीवाणूच्या रायबोझोममध्ये वजनाने सुमारे दोन तृतीयांश आरएनए आणि एक तृतीयांश प्रथिने असतात. आपल्या तंतुकणिकेत हे प्रमाण जवळजवळ उलटे झाले आहे. आरएनएचे धागे आखूड होत गेले आणि त्यांच्याभोवती सुमारे ८० प्रथिनांचे कवच चढले. जीवाणूच्या रायबोझोममध्ये ५एस नावाचा एक छोटा आरएनए असतो, तो येथे नाही. त्याच्या जागी चक्क एक टी-आरएनए बसवलेला आढळतो, माणसात व्हॅलिनचा आणि डुकरात फेनिलॲलनिनचा. शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ही रचना बारकाईने उलगडली ती २०१४-१५ च्या सुमारास. मानवी रायबोझोमचे काम केंब्रिजला वेंकटरामन रामकृष्णन यांच्या प्रयोगशाळेत झाले. चिदंबरम येथे जन्मलेल्या आणि बडोद्यात पदवी घेतलेल्या या शास्त्रज्ञाला रायबोझोमच्या रचनेसाठी २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते.

भाषांतरणाचे, म्हणजे संदेश वाचून प्रथिन घडवण्याचे, टप्पे कोणते?

टप्पे तेच आहेत जे आपण जीवाणूत शिकतो: आरंभ, लांबी वाढणे, समाप्ती आणि रायबोझोमची पुन्हा मोकळीक. तपशील निराळे आहेत, आणि खरी गंमत तपशिलातच आहे.

आरंभाला मेथिओनिन हे अमिनो आम्ल येते, पण ते फॉर्मिल गट लावलेले असते, जसे जीवाणूत असते. पेशीद्रवात असे होत नाही. आणखी विशेष असे की पेशीद्रवात आणि जीवाणूत सुरुवातीसाठी वेगळा व मधल्या जागांसाठी वेगळा मेथिओनिन टी-आरएनए असतो. तंतुकणिकेत एकच टी-आरएनए दोन्ही कामे करतो. फॉर्मिल गट लागला तर त्याने सुरुवात करायची, न लागला तर मधे बसायचे. संदेशाच्या सुरुवातीला रिकामी जागा जवळजवळ नसल्याने रायबोझोम अगदी पहिल्या अक्षरांपाशीच बसतो. यासाठी लागणारे आरंभ-घटक दोन. जीवाणूत तीन असतात.

लांबी वाढण्याच्या टप्प्यात एक घटक अमिनो आम्ल लावलेला टी-आरएनए आणून देतो, रायबोझोम पेप्टाइड बंध जोडतो आणि दुसरा घटक संदेश एका कोडॉनने, म्हणजे तीन अक्षरांनी, पुढे सरकवतो. थांबण्याचा संकेत आला की मुक्ती-घटक प्रथिनाची साखळी सोडवतो. त्यानंतर रायबोझोमचे दोन भाग सुटे करणारा घटक वेगळा असतो, आणि सरकवण्याचे काम करणाऱ्या घटकाचाच तो नातलग आहे. जीवाणूत ही दोन्ही कामे एकच प्रथिन उरकते; तंतुकणिकेत त्यांची वाटणी झाली आहे.

आनुवंशिक संकेत सर्व सजीवांत एकच असतो ना?

जवळजवळ. हरगोविंद खोराना आणि त्यांच्या समकालीनांनी उलगडलेला संकेत-कोश वैश्विक मानला जात होता. १९७९ साली मानवी तंतुकणिकेत त्याला पहिला अपवाद सापडला. बाहेर ‘यूजीए’ म्हणजे थांबा. तंतुकणिकेत त्याचा अर्थ ट्रिप्टोफॅन. बाहेर ‘एयूए’ म्हणजे आयसोल्यूसिन; आत मेथिओनिन. ‘एजीए’ आणि ‘एजीजी’ बाहेर आर्जिनिनसाठी आहेत. माणसाच्या तंतुकणिकेत त्यांना वाचणारा टी-आरएनएच नाही आणि दोन संदेश याच संकेतांवर संपतात. कापसावरच्या बोंडअळीसारख्या कीटकाच्या तंतुकणिकेत मात्र ‘एजीए’ म्हणजे सेरिन. म्हणजे एकच अक्षरत्रयी बोंडअळीच्या केंद्रकाकडून वाचली तर एक अमिनो आम्ल आणि तिच्याच तंतुकणिकेत वाचली तर दुसरे.

विद्यार्थी विचारतात, ६० कोडॉनांना २२ टी-आरएनए कसे पुरतात. अनेक टी-आरएनए कोडॉनच्या तिसऱ्या अक्षराकडे फारसे लक्ष देत नाहीत. पहिली दोन जुळली की चारही प्रकार एकच टी-आरएनए वाचतो. जेथे तिसऱ्या अक्षराने अर्थ बदलतो, तेथे टी-आरएनएवर रासायनिक दुरुस्ती करून वाचन नेमके केले जाते. माणसात अशा काही दुरुस्त्यांसाठी टॉरिन नावाचे संयुग वापरले जाते. ही दुरुस्ती राहून गेली तर काय होते, ते पुढे आजारांच्या प्रश्नात पाहू.

घडलेले प्रथिन कोठे जाते?

कोठेही भटकत नाही. तेराही प्रथिने अंतःपटलात बसणारी आहेत, म्हणून रायबोझोमही अंतःपटलाला चिकटूनच काम करतो आणि साखळी जसजशी बाहेर पडते तसतशी ती पटलात रोवली जाते. रोवण्याचे हे काम ऑक्सा१एल नावाचे प्रथिन करते.

येथे हिशोबाचा प्रश्न येतो. सायटोक्रोम ऑक्सिडेजचे तीन भाग आत घडतात आणि बाकीचे बाहेरून येतात; दोन्हींची आवक जुळली नाही तर अर्धवट भाग पडून राहतात आणि ते पेशीला घातक ठरू शकतात. सस्तन पेशींत असे आढळले आहे की सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या भागाचे भाषांतरण बाहेरून येणारा जोडीदार पोहोचेपर्यंत मधेच थबकते आणि जोडीदार आला की पुढे सरकते. तरीही काही उरलेच तर अंतःपटलातील प्रथिनभंजक विकरे (एन्झाइम) त्याचा निकाल लावतात.

मग तंतुकणिकेला ‘अर्धस्वायत्त’ म्हणणे बरोबर आहे का?

माझ्या मते हा शब्द जरा सैल आहे. आत भाषांतरणासाठी लागणाऱ्या सामग्रीची यादी केली तर काय दिसते? रायबोझोममधील सर्व, म्हणजे सुमारे ८० प्रथिने केंद्रकाच्या जनुकांवरून. टी-आरएनएला अमिनो आम्ल लावणारी विकरे केंद्रकाची. आरंभ, वाढ आणि समाप्तीचे घटक केंद्रकाचे. डीएनएची प्रत काढणारे आणि आरएनए उतरवणारे विकरही केंद्रकाचेच. तंतुकणिकेच्या डीएनएने या कारखान्यात स्वतःकडून काय घातले, तर २२ टी-आरएनए आणि रायबोझोमचे २ आरएनए, इतकेच. तेरा प्रथिने घडवण्यासाठी दीडशेहून अधिक प्रथिने बाहेरून मागवावी लागतात, ही बाब ‘स्वतः बनवते’ या शब्दांत झाकून जाते.

हिंगोलीकडच्या एका विद्यार्थ्याने एकदा वर्गात म्हटले होते, “सर, हे बटईच्या शेतासारखं झालं.” उपमा मला आवडली, एकाची जमीन, दुसऱ्याची मेहनत आणि पीक दोघांचे. पण बटईत वाटा निम्म्याच्या आसपास तरी असतो. येथे बी, औत, खत, मजुरी सगळे केंद्रकाचे आणि तंतुकणिकेच्या वाट्याला धुऱ्यावरची दोन तासे, मात्र त्या दोन तासांवाचून सगळे पीक अडते.

उरलेली जनुकेही केंद्रकात का गेली नाहीत?

तंतुकणिकेच्या जीवाणू-पूर्वजाकडे हजारो जनुके असणार. त्यांतील बहुतेक काळाच्या ओघात केंद्रकात गेली किंवा नष्ट झाली. ही तेरा मागे का राहिली, यावर दोन प्रमुख विचार आहेत. पहिला असा की ही प्रथिने पाण्यापासून दूर राहणारी, पटलात अनेक वेळा आरपार जाणारी आहेत. सायटोक्रोम ऑक्सिडेजचा पहिला भाग पटलातून बारा वेळा आरपार जातो. असे प्रथिन बाहेर घडले तर ते तंतुकणिकेपर्यंत पोहोचण्याऐवजी पेशीतील आंतर्द्रव्य जालिका या दुसऱ्याच अंगकाकडे वळवले जाण्याचा धोका असतो. दुसरा विचार जॉन ॲलन यांचा. त्यांच्या मते श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉनांची ये-जा बिघडली की त्या विशिष्ट तंतुकणिकेला लगेच दुरुस्ती करता यावी, यासाठी जनुके जागेवरच असणे फायद्याचे ठरते. शिवाय संकेत-कोश बदलल्यानंतर स्थलांतर आणखी अवघड झाले, कारण केंद्रकात गेलेल्या जनुकातील प्रत्येक ‘यूजीए’ तेथे थांबा म्हणून वाचला जाईल.

पहिल्या विचाराला एक सुंदर पुरावा प्राण्यांतून नव्हे, तर आपल्या शेतातल्या सोयाबीनमधून मिळाला आहे. विषय थोडा सोडून तो येथे सांगतो. बहुतेक वनस्पतींत सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या दुसऱ्या भागाचे जनुक तंतुकणिकेतच असते. सोयाबीनमध्ये त्याची चालती प्रत केंद्रकात आहे आणि तंतुकणिकेतील प्रत मुकी झाली आहे. मुगाच्या तंतुकणिकेत तर ते जनुक उरलेलेच नाही. सोयाबीनच्या या प्रथिनाचा अभ्यास केला असता असे दिसले की त्याच्या पटलात शिरणाऱ्या पहिल्या भागाचा जलविरोध कमी झालेला आहे आणि त्यामुळेच ते बाहेरून आत येऊ शकते.

प्रतिजैविकांचा तंतुकणिकेवर परिणाम होतो का?

काहींचा होतो, आणि कारण वर आलेच आहे: रायबोझोमचा गाभा जीवाणूंच्या वळणाचा आहे. क्लोरॲम्फेनिकॉल एके काळी विषमज्वरावर, म्हणजे टायफॉइडवर, सर्रास दिले जाई. त्याच्या मोठ्या मात्रेने अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती मंदावते, ते तंतुकणिकेतील प्रथिननिर्मिती अडल्यामुळे, आणि औषध थांबवल्यावर ती बहुधा पूर्ववत होते. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगात लिनेझोलिड दीर्घकाळ द्यावे लागते. त्यातून उद्भवणारी रक्तक्षीणता, हातापायांची बधिरता किंवा दृष्टीची तक्रार यांमागेही हेच कारण मानले जाते. म्हणूनच अशा रुग्णांची रक्त व दृष्टी तपासली जाते. असे काही जाणवल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगावे; औषध आपल्या मनाने बंद करणे मात्र क्षयरोगात फार महागात पडते.

‘इंजेक्शनने कान गेला’ असे घराघरांतून ऐकू येते. स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातील औषधे कोणाच्याही श्रवणशक्तीला अपाय करू शकतात. पण ज्यांच्या तंतुकणिकेत रायबोझोमच्या लहान भागातील आरएनएवर १५५५ या स्थानी ‘ए’ ऐवजी ‘जी’ असते, त्यांना थोड्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते. या एका अक्षराने रायबोझोमचा तो कोपरा जीवाणूच्या रायबोझोमसारखा दिसू लागतो आणि औषध तेथे घट्ट बसते.

हा दोष आईकडूनच येतो का? मामाच्या मुलीशी लग्न केल्याने धोका वाढतो का?

हा प्रश्न विद्यार्थ्यांपेक्षा पालकांकडून अधिक येतो, आणि त्याची दोन उत्तरे आहेत.

तंतुकणिकेतील डीएनए अपत्याला आईकडून मिळतो. पित्याच्या शुक्रपेशीतील तंतुकणिका फलनानंतर नष्ट केल्या जातात. म्हणून वरील बहिरेपणाचा दोष शोधताना मामा, मावशी आणि आईची आई यांची चौकशी उपयोगाची, काका-आत्यांची नाही. एका पेशीत या डीएनएच्या शेकडो ते हजारो प्रती असतात आणि दोष त्यांपैकी किती प्रतींत आहे यावर आजाराची तीव्रता अवलंबून असते. त्यामुळे एकाच आईच्या दोन मुलांत एक आजारी आणि दुसरा धडधाकट असे होऊ शकते. झटके, पक्षाघातासारखे प्रसंग आणि रक्तात वाढणारे लॅक्टिक आम्ल असे रूप असलेला मेलास हा आजार बहुतेकदा ल्यूसिनच्या टी-आरएनएतील ३२४३ या स्थानच्या बदलाने होतो, आणि त्यात टॉरिनची ती दुरुस्ती राहून गेल्याचे दिसते.

आता लग्नाविषयी. मामाच्या मुलीची तंतुकणिका मामीकडून आलेली असते, मामाकडून नाही. त्यामुळे आतेभाऊ-मामेबहिणीच्या लग्नात नवऱ्याच्या आईकडची तंतुकणिका मुलांत जात नाही, आणि त्या डीएनएतील दोषाचा धोका नात्यामुळे वाढत नाही. परंतु रायबोझोमची प्रथिने, अमिनो आम्ल लावणारी विकरे आणि वाढीचे घटक यांची जनुके केंद्रकात आहेत. त्यांतील दोष बहुधा आई व वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच प्रकट होतो, आणि नात्यातल्या लग्नात नेमकी हीच शक्यता वाढते. तंतुकणिकेचा आजार म्हणजे आईचाच वारसा, असे समजून सुनेला बोल लावणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

सर्व प्राण्यांत आणि सर्व पेशींत ही यंत्रणा असते का?

सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिकाच नसते. कोंबडीच्या तांबड्या पेशींत असते. सामन माशात राहणारा हेनेग्वाया नावाचा एक सूक्ष्म परजीवी प्राणी तंतुकणिकेचा डीएनएच गमावून बसला आहे, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बाकी प्राणिसृष्टीत ही यंत्रणा आहे.

तंतुकणिकेत प्रथिने घडतात हे ओळखले कसे, आणि महाविद्यालयात त्यातले काही पाहता येते का?

तंतुकणिकेतील डीएनएचे धागे नास दांपत्याने १९६३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणपेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. आत घडणारी प्रथिने वेगळी ओळखण्याची युक्ती अजूनही तीच वापरली जाते: पेशींना सायक्लोहेक्झिमाइड किंवा एमेटिन दिले की पेशीद्रवातील रायबोझोम थांबतात, तंतुकणिकेतील चालू राहतात, त्या वेळी किरणोत्सारी गंधक असलेले मेथिओनिन दिले तर फक्त तंतुकणिकेत घडणाऱ्या प्रथिनांनाच खूण लागते.

आपल्या प्रयोगशाळेत एवढे शक्य नाही, पण जेनस ग्रीन बी हा रंग बहुतेक ठिकाणी असतो. टूथपिकने गालाच्या आतून हलकेच खरवडून त्या पेशी काचपट्टीवर घ्याव्यात, रंगाच्या अगदी सौम्य द्रावणाचा थेंब टाकून वर कव्हरस्लिप ठेवावी आणि मोठ्या भिंगाखाली पाहावे. सुरुवातीला सगळेच हिरवट दिसते. मग पेशीद्रवातील रंग उडत जातो आणि बारीक निळसर-हिरवे ठिपके तेवढे उरतात. त्या ठिपक्यांत रंग टिकतो, कारण तेथील सायटोक्रोम ऑक्सिडेज त्याला ऑक्सिडीकृत अवस्थेत ठेवते. आणि त्या विकराचे तीन मोठे भाग त्याच ठिपक्याच्या आत, ५५एस रायबोझोमवर घडलेले असतात. कव्हरस्लिपखालचा ऑक्सिजन संपत आला की ठिपकेही फिके पडतात, म्हणून आकृती आधी काढून घ्यावी.